बैल बरा झाला, पण कशाने?

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचे, महागाव तालुक्यातले गाव. जिल्ह्याची ही बाजू पैनगंगेवर संपते आणि नदी ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. कापूस, सोयाबीन, तूर अशी इथली शेती. ट्रॅक्टर आले, भाड्याने मिळू लागले, तरी डवरणीच्या दिवसांत ओळीओळीतून फिरायला बैलजोडीच लागते. म्हणून ऐन पावसाळ्यात बैल आजारी पडला तर त्याच्यासोबत शेतही आजारी पडते.

२०२२ च्या पावसाळ्यात लंपी महाराष्ट्रभर पसरला. त्याआधी २०२० साली गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात हा आजार दिसला होता. या वेळी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात तो सापडला आणि बघता बघता जिल्ह्यामागून जिल्हे त्याच्या कवेत आले. अंगभर गाठी, ताप, सुजलेले पाय, चारा टाकलेले जनावर. त्या दिवसांत विदर्भातल्या कोणत्याही गावात एकाच गोठ्यात तीन-चार उपाय एकदमच चालू असत. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. जखमांवर हळद आणि तेल. विड्याची पाने, मिरे, मीठ आणि गूळ यांची गोळी, तिची कृती मोबाइलवरून घरोघरी पोहोचलेली. डॉक्टरांनी दिलेली तापाची आणि जखम चिघळू नये म्हणूनची इंजेक्शने. आणि पशुसंवर्धन खात्याची लस.

दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जनावरे उठून उभी राहिली. ज्याने धूर केला होता त्याने धुराचे नाव घेतले, ज्याने गोळी चारली त्याने गोळीचे, ज्याने इंजेक्शनाला पैसे मोजले त्याने इंजेक्शनाचे. यातला कोणीही खोटे बोलत नव्हता. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिले ते सांगितले.

पण लंपीची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या रोगात मरणाऱ्या जनावरांचे प्रमाण साधारणपणे आजारी जनावरांच्या दहा टक्क्यांच्या आत असते. म्हणजे वीस बैल आजारी पडले आणि त्यांना नुसता चारा, पाणी, सावली दिली, तरी अठरा वाचण्याची शक्यता. त्या अठरांच्या कपाळाला कुंकू लावले असते तरी कुंकवाने गुण आला असे वाटले असते. धूर, गोळी किंवा इंजेक्शन निरुपयोगी होते असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की बरे झालेले अठरा बैल पाहून त्यांचा उपयोग झाला की नाही हे कळत नाही.

जुन्या शेतकऱ्यांना ही गोष्ट दुसऱ्या एका आजारावरून ठाऊक असते. तिवा. जनावराला एकाएकी ताप भरतो, ते लंगडते, खाली बसते. तिसऱ्या दिवशी बहुधा आपोआप उठते आणि चरायला लागते. नावातच तीन दिवस आहेत. तिव्याच्या दुसऱ्या दिवशी जो कोणी औषध देईल तो यशस्वी ठरणार हे उघड आहे. तिवा आपले वेळापत्रक नावातून सांगून टाकतो म्हणून फसगत कमी होते. बाकीचे आजार ते सांगत नाहीत.

पशुवैद्यकातला पुरावा तोलण्याचे शास्त्र या एका प्रश्नाभोवती उभे आहे: हे औषध दिले नसते तर या जनावराचे काय झाले असते? त्या एका जनावराबाबत याचे उत्तर कधीच मिळत नाही, कारण एकच बैल औषध घेतलेला आणि न घेतलेला असा दोन्ही असू शकत नाही. म्हणून त्याच्यासारखा दुसरा बैल शोधावा लागतो. एक दुसरा पुरत नाही, पुष्कळ लागतात.

या विचाराचा जगातला सर्वांत गाजलेला प्रयोग माणसांवर झाला नाही, तो मेंढ्यांवर झाला. १८८१ साली फ्रान्समधल्या पुयी-ल-फोर या गावी, रोसिन्योल नावाच्या पशुवैद्याच्या शेतावर लुई पाश्चर यांनी फाशीच्या रोगावरची, म्हणजे काळपुळीवरची, लस जाहीरपणे तपासून दाखवली. एका बाजूला २४ मेंढ्या, एक शेळी आणि सहा गुरे, त्यांना मे महिन्यात दोनदा लस टोचली. दुसऱ्या बाजूला २४ मेंढ्या, एक शेळी आणि चार गुरे, त्यांना काहीच नाही. ३१ मे रोजी सगळ्यांना जिवंत, जहाल जंतू टोचले. २ जूनला लोक जमले तेव्हा लस न दिलेल्या बाजूची शेळी आणि बहुतेक मेंढ्या मरून पडल्या होत्या, उरलेल्या त्यांच्या देखत आणि दिवस मावळेपर्यंत गेल्या. लस दिलेल्या मेंढ्या चरत होत्या. गुरांपैकी कोणी मेले नाही, पण लस न दिलेल्या चौघांच्या अंगावर मोठी सूज आली होती.

एका दिवसात जगाला पटले, कारण दोन्ही बाजू शेजारी-शेजारी होत्या. तीच जात, तेच शेत, तेच जंतू, तोच दिवस. फरक फक्त लशीचा. तरीही या प्रयोगाला एक शेपूट आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या पुढे अभ्यासकांना पाहता आल्या, तेव्हा असे दिसले की त्या दिवशी वापरलेली लस त्यांच्या सहकाऱ्याच्या, शांबरलांच्या, रासायनिक पद्धतीने तयार केलेली होती. लोकांची समजूत मात्र पाश्चर यांच्या स्वतःच्या, हवेतल्या प्राणवायूने जंतू दुबळे करण्याच्या पद्धतीची होती, आणि पाश्चर यांनी ती समजूत दूर केली नाही. निकाल खरा होता, पण नेमके काय टोचले हे वाचणाऱ्याला कळले नाही. संशोधनाचा लेख वाचताना औषध कोणते, किती, कोणत्या बॅचचे, कोणी बनवले हे शोधण्याची सवय पशुवैद्यांना लावली जाते, तिच्या मागे अशा गोष्टी आहेत.

लंपीची लस हे याचेच आजचे उदाहरण आहे.

२०२२ साली महाराष्ट्रात गाई-बैलांना जी लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली ती मुळात शेळ्यांच्या देवी रोगाची. गुरांना शेळीची लस का, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो रास्त होता. लंपी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी यांचे विषाणू एकाच कुळातले, अगदी सख्ख्या भावंडांसारखे. त्यामुळे एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर काही प्रमाणात चालते. हा झाला तर्क. तर्क चांगला असला तरी तो पुराव्याची सुरुवात असते. प्रत्यक्ष गुरांत काय होते ते पाहावे लागते.

इथिओपियातल्या संशोधकांनी तीन लशी वासरांत शेजारी-शेजारी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गॉर्गन नावाच्या वाणाची शेळी-देवीची लस टोचलेली वासरे वाचली. त्याच प्रयोगात नीथलिंग या लंपीच्याच विषाणूपासून बनवलेल्या लशीने मात्र धड संरक्षण दिले नाही. इथवर वाचणारा म्हणेल, ठरले, शेळीची लस चांगली. पण त्याच वर्षी इस्राएलमधला दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे लंपीची साथ चालू असताना साडेचार हजारांहून अधिक दुभत्या गाईंची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. निम्म्यांना नीथलिंग, निम्म्यांना मेंढी-देवीच्या विषाणूची दहापट डोसाची लस. या मोठ्या, खऱ्या साथीतल्या परीक्षेत नीथलिंग सरस ठरली.

मग खरे कोण? दोन्ही खरे असू शकतात. एक प्रयोग थोड्या वासरांवर, प्रयोगशाळेत, विषाणू मुद्दाम टोचून. दुसरा हजारो गाईंवर, गोठ्यात, माश्या-डासांनी आणलेल्या रोगाशी. दोन्हीकडच्या नीथलिंग लशीही वेगवेगळ्या कारखान्यांतल्या. इथिओपियातल्या प्रयोगाने त्या एका लशीच्या कुपीबद्दल सांगितले, लशीच्या घराण्याबद्दल सांगितले नाही. आणि शेळीची लस विरुद्ध मेंढीची लस हा प्रश्न इस्राएलच्या अभ्यासात नव्हताच. नाव तेच असले तरी माल तोच असेल असे नाही, हे बियाण्याच्या पिशवीने ज्याला कधी दगा दिला आहे त्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये हिसार आणि इज्जतनगर येथील सरकारी संशोधन संस्थांनी खास लंपीच्याच विषाणूपासून बनवलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस जाहीर केली. २०१९ साली रांचीच्या जनावरांतून मिळालेला विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि त्यातून ती तयार झाली. त्या वर्षीच्या साथीला मात्र ती पुरेशा प्रमाणात उपलब्ध होणे शक्य नव्हते. हाताशी होती ती शेळीची लस. गोठ्यात आग लागल्यावर विहिरीचे पाणी गोड की मचूळ याची परीक्षा करत बसता येत नाही. राज्यातल्या सुमारे एक कोटी चाळीस लाख गाई-बैलांसाठी मोफत लसीकरण सुरू झाले. तो निर्णय बरोबरच होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि तो पूर्ण पुरावा हाती नसताना घेतला गेला हेही तितकेच खरे.

मोहिमेनंतर साथ ओसरली. लशीमुळे ओसरली का? इथे पुन्हा तो बैल बरा झाल्याचाच प्रश्न आहे, फक्त आता बैलाच्या जागी अख्खे राज्य आहे. लसीकरण सप्टेंबर-ऑक्टोबरात झाले. त्याच सुमारास पाऊस थांबतो, थंडी पडू लागते, रोग पसरवणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड कमी होतात. ज्यांना रोग होऊन गेला त्यांच्यात प्रतिकारशक्ती आलेली असते. जनावरांचे बाजार बंद होते, वाहतुकीवर निर्बंध होते. चार कारणे एकाच वेळी एकाच दिशेने ओढत असतील तर त्यातल्या एकाची ताकद नुसत्या आलेखावरून मोजता येत नाही.

उलट्या बाजूची चूकही त्याच वेळी होत होती. लस टोचल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी अंगावर गाठी आल्या की लोक म्हणत, लशीनेच रोग आणला. लंपीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत चार आठवडेही जाऊ शकतात. लशीची ढाल पुरती उभी राहायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे पाचव्या दिवशी आजारी पडलेल्या बैलात विषाणू बहुधा सुई टोचण्याआधीच होता. एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही. हे वाक्य बोलायला सोपे आहे. आपल्याच गोठ्यातला बैल डोळ्यांसमोर फुगत असताना ते मान्य करणे फार अवघड आहे.

आकड्यांचीही एक गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. समजा एका गावात पाचशे गुरे आहेत. चारशेंना लस दिली, शंभरांना नाही. लस दिलेल्यांपैकी बारा आजारी पडली, न दिलेल्यांपैकी आठ. पारावर बातमी अशी होईल: आजारी वीसपैकी बारा लस घेतलेलीच! ऐकणाऱ्याला वाटेल, लस फुकट गेली. पण चारशेंत बारा म्हणजे शेकडा तीन, आणि शंभरात आठ म्हणजे शेकडा आठ. लस दिलेल्या जनावरांना धोका निम्म्याहूनही कमी होता. आता त्यापुढचा प्रश्न, जो कसलेला पशुवैद्य विचारेल: ती शंभर मागे का राहिली? चार महिन्यांच्या आतली वासरे लसीकरणातून वगळलेली होती. रानात दूर चरायला गेलेली, आधीच खंगलेली जनावरे राहिली असतील. वासरे आणि थकलेली जनावरे तशीही जास्त आजारी पडतात. मग शेकडा आठमधला किती भाग लस न मिळाल्याचा आणि किती कोवळ्या वयाचा? म्हणूनच चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याला इतके महत्त्व आहे. कोणाला औषध मिळणार हे माणसाने ठरवले की त्याच्या नकळत धडधाकट जनावरे एका बाजूला सरकतात.

माणूस नकळत काय काय करतो, हा स्वतंत्रच विषय आहे. अमेरिकेत सांधेदुखीने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना नुसती नकली गोळी मिळत होती. त्यांचे पाय जमिनीवर किती भार देतात हे मोजणारी यंत्राची पट्टी होती, त्यामुळे कुत्रा खरोखर सुधारला का हे निर्विवाद कळत होते. पट्टी सुधारणा दाखवत नसतानाही मालकांना कुत्रा बरा चालतोय असे वरचेवर वाटले. आणि डॉक्टरांनाही वाटले. नकली गोळीचा परिणाम कुत्र्यावर झाला नाही, पाहणाऱ्यांवर झाला. जनावर बोलत नाही, त्यामुळे त्याला बरे वाटते की नाही हे नेहमी कोणीतरी दुसराच सांगतो, आणि तो दुसरा त्याच्यावर जीव लावून बसलेला असतो. म्हणून चांगल्या चाचणीत तपासणाऱ्यालाही माहीत नसते की या जनावराला खरे औषध दिले की नाही.

आपल्याकडे बैल लंगडायला लागला की डागण्याची पद्धत होती, काही ठिकाणी अजूनही आहे. तापलेल्या लोखंडाने सांध्यावर, खांद्यावर चटके. इंग्लंडमध्येही शर्यतीच्या घोड्यांचे दुखावलेले पाय असेच डागले जात आणि तिथले शिकलेसवरलेले पशुवैद्य ते करत. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी डागलेल्या आणि न डागलेल्या पायांची तुलना केली आणि १९८३ साली निष्कर्ष मांडला, की डागल्याने स्नायुबंध लवकर किंवा चांगला भरून येत नाही. मग शतकानुशतके गुण कसा येत होता? डागलेल्या घोड्याला कित्येक महिने विश्रांती मिळे. जखमी पायाच्या घोड्याला कोण पळवणार? बैलाचेही तेच. डागलेला बैल काही दिवस जुवाला लावत नाहीत. गुण विश्रांतीचा, चटका मात्र फुकटचा. या एका उदाहरणात पुरावा तपासण्याची सारी निकड दिसते. इथे चुकीच्या समजुतीची किंमत नुसत्या पैशात मोजलेली नाही. ती एका मुक्या जिवाने कातडीवर सोसली आहे.

जगभरचे पशुवैद्य पुराव्याची जी क्रमवारी मानतात ती आपल्याकडच्या घरातल्या उतरंडीसारखी डोळ्यांपुढे आणता येते. तळाशी सर्वांत मोठे मडके: ऐकीव अनुभव आणि जाणत्यांची मते. त्याच्यावर एकेका जनावराच्या नोंदी. मग एकाच रोगाच्या पुष्कळ जनावरांच्या नोंदी. मग औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या कळपांचा पाठपुरावा. त्यावर चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या. आणि अगदी वर छोटेसे मडके: अशा सगळ्या चाचण्या एकत्र जोखून घेतलेला आढावा. मानवी वैद्यकात ते वरचे मडके बऱ्यापैकी भरलेले आहे. पशुवैद्यकात ते पुष्कळदा रिकामे असते. गाईच्या एखाद्या आजारावर जगभरात तीन-चार चाचण्या, प्रत्येकीत वीस-तीस जनावरे, बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या होल्स्टीन गाईंवर. फुलसावंगीच्या परिसरात दावणीला लाल कंधारी बैल असतो किंवा गावठी गाय. तिथला निकाल इथे जसाच्या तसा लागू होईल का, हे दरवेळी विचारावे लागते.

शिवाय अभ्यास कसा लिहिला आहे त्यावरही भरवसा ठरतो. कॅनडातील साथरोगतज्ज्ञ जॅन सार्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पशुधनावरच्या चाचण्यांचे अहवाल तपासले, तेव्हा ज्या अहवालांत चिठ्ठ्या टाकल्याचा किंवा तपासणाऱ्यापासून गट लपवल्याचा उल्लेख नव्हता त्यांत उपाय गुणकारी ठरल्याचे प्रमाण अधिक आढळले. ढिलाई असली की निकाल गोड लागतो. २०१० साली याच मंडळींनी अशा चाचण्यांचा अहवाल कसा लिहावा याचे नियम बांधून दिले.

पण उतरंडीच्या नियमालाच चिकटून बसले तर काही वेळा फार उशीर होईल, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या आकाशात घडले.

गिधाडे. यवतमाळ-चंद्रपूरच्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही विचारावे, गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या ढोरावर गिधाडांचा थवा उतरलेला त्यांनी पाहिलेला असतो. त्यांच्या मुलांनी पाहिलेला नसतो. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश राजस्थानातल्या भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडांची घरटी मोजत होते. ऐंशीच्या दशकातली आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली मोजणी त्यांनी शेजारी ठेवली, तेव्हा पक्षी जवळजवळ संपले होते. देशभर गिधाडांच्या तीन जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. मान खाली टाकून झाडावर बसलेली आजारी गिधाडे आणि पोटातल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर एवढे दिसत होते. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, जड धातू असतील, असे अनेक अंदाज झाले.

पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: गिधाडे जे खातात त्या ढोरांना मरण्याआधी काय टोचले जाते? पशुवैद्यांकडच्या औषधांची यादी काढली आणि त्यात डायक्लोफेनॅक सापडले, ताप-सूज-वेदनेवरचे स्वस्त इंजेक्शन. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या पंचवीस गिधाडांच्या मूत्रपिंडात ते शोधले, पंचवीसच्या पंचवीसांत सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या तेरांत शोधले, एकातही नाही. इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. पण पंचवीस विरुद्ध शून्य इतका फरक योगायोगाने पडत नाही. पुढे त्यांनी डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना दिले आणि तोच मृत्यू, तोच पांढरा थर पुन्हा दिसला. २००४ साली हे ‘नेचर’ या नियतकालिकात आले.

तरी एक शंका उरली होती. सगळ्याच ढोरांना काही मरणापूर्वी हे इंजेक्शन दिले जात नाही. मग थोड्याशा विषारी ढोरांनी एवढा विध्वंस कसा होईल? ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडले. गिधाडे थव्याने एकाच ढोरावर उतरतात आणि वर्षभरात कितीतरी ढोरांवर बसतात. त्यामुळे १३० ढोरांत एक, किंवा अगदी ७६० त एक ढोर जरी विषारी असले तरी दिसली तेवढी घट होऊ शकते. शंका फिटली.

यानंतर जे झाले ते पशुवैद्यकातल्या निर्णयाचा धडा म्हणून शिकवावे असे आहे. नुसती बंदी घातली असती तर दुखणाऱ्या जनावराला काय द्यायचे हा प्रश्न उरलाच असता. म्हणून पर्याय शोधला गेला. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना देऊन पाहिले, आधी आफ्रिकेतल्या अधिक संख्येने असलेल्या जातीला, मग आपल्याकडच्या. ती सुखरूप राहिली. २००६ साली भारतात जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचू लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्या एका डोसापुरत्या, तीन मिलिलिटरच्या करायला लावल्या. पुढे किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांच्यावर २०२३ साली बंदी घातली गेली, मग निमेसुलाइडवरही. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडे विदर्भात पेंच आणि ताडोबा इथे आणली गेली.

फुलसावंगीसारख्या गावात दवाखान्यातून बैलाच्या दुखण्यावर आज मेलॉक्सिकॅमची कुपी येते, ती या सगळ्या वाटेने आलेली आहे.

पुराव्याच्या नावाखाली भीतीही पसरते, तिची तपासणी त्याच मापाने व्हायला हवी. २००६ साली शेजारच्या, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या वरंगळ जिल्ह्यात, बीटी कापसाच्या वेचणीनंतर शेतात चरलेल्या मेंढ्या मेल्या अशा तक्रारी आल्या. कापसाच्या यवतमाळात त्या बातमीने धनगरांच्या पोटात गोळा येणे साहजिक होते, कारण पराट्या उभ्या असलेल्या शेतात मेंढ्या बसवणे ही इथली नेहमीची रीत. मेंढपाळांचे म्हणणे गंभीरपणे घ्यायला हवेच होते. धोक्याची पहिली सूचना बहुधा दावणीवरूनच येते. पण सूचना आणि निष्कर्ष यांत अंतर असते. बीटी नसलेल्या शेतात चरलेले कळप त्याच हंगामात किती मेले? पिकावर कोणती फवारणी झाली होती? केंद्राच्या नियामक समितीला मृत्यूंचा बीटीशी संबंध सिद्ध झालेला आढळला नाही. आज ही तुलना करायला निघाले तर दुसरीच अडचण आहे: आजूबाजूला बीटी नसलेले कापसाचे शेत शोधायचे कुठे? तुलनेची बाजू एकदा पुसली गेली की पुरावा गोळा करण्याची संधीही पुसली जाते. नवी गोष्ट सगळीकडे पसरण्याआधी मोजमाप करायचे ते यासाठी.

शेतकऱ्याला संशोधनाचे लेख वाचायला वेळ नाही आणि त्याने ते वाचावेत अशी अपेक्षाही चूक आहे. पण कृषी केंद्रात दूध वाढवणारी पावडर घेताना त्याला एक-दोन प्रश्न विचारता येतात. दूध वाढलेल्या गाई किती आणि न वाढलेल्या किती? तेव्हाच हिरवा चारा सुरू झाला होता का? गाय नुकतीच व्यालेली होती का? कारण व्यायल्यानंतर पहिले काही आठवडे दूध वाढतेच, पावडर द्या अथवा न द्या. आणि मोजले कोणी, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने? झाडपाल्याच्या औषधालाही हेच प्रश्न. कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने अनेक राज्यांत नेला आहे. त्याने गुण आला तर प्रतिजैविकांचा वापर आणि दुधात उतरणारे त्यांचे अंश दोन्ही घटतील, म्हणून तो उपाय शेजारी-शेजारी ठेवून तपासण्याच्या लायकीचा आहे. जुना आहे म्हणून खरा किंवा गावठी आहे म्हणून खोटा, असे दोन्हीकडून ठरवून टाकणे त्या ज्ञानावर अन्याय करणारे आहे.

आणि तपासण्याचे साधन आता गावातच आले आहे. गाई-बैलांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. त्या क्रमांकावर लस कोणती, कधी टोचली याची नोंद सरकारी संगणकात होते. आजाराची आणि मरणाची नोंद मात्र तितक्या नेमाने होत नाही. लंपीत दगावलेल्या गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार, वासराला सोळा हजार रुपयांची मदत होती, तेव्हा पंचनामे झाले आणि मृत्यू कागदावर आले. मदत संपली की मृत्यूही कागदावरून नाहीसे होतात. लस घेतलेल्या जनावरांची यादी एका रकान्यात भरलेली आहे, शेजारचा रकाना रिकामा आहे. महागाव तालुक्यातल्या पशुधन पर्यवेक्षकाने पुढच्या पावसाळ्यात तो भरायला घेतला, आजारी पडलेला प्रत्येक बिल्ला आणि त्याची तारीख, एवढेच जरी लिहिले, तर कोणत्या लशीने लाल कंधारी बैल किती वाचला याचे उत्तर इथिओपिया किंवा इस्राएलकडे मागावे लागणार नाही.